वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत लघवीची नळी: आधी काय विचारायचं, नंतर काय करायचं

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी लोक आहाराच्या टप्प्यांबद्दल, टाक्यांबद्दल, रजेबद्दल भरपूर प्रश्न विचारतात. लघवीच्या नळीबद्दल (कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातली लघवी बाहेर काढायला तात्पुरती घालतात ती नळी) विचारायला मात्र संकोच आडवा येतो. मग शुद्धीवर आल्यावर नळी दिसली की माणूस दचकतो. नळी नसेल, तर कितीतरी तास लघवी न होताही ‘होईल थोड्या वेळानं’ म्हणत गप्प राहतो. सगळ्यात वाईट चूक तिसरी: नळी काढल्यावर लघवी लवकर व्हावी म्हणून घटाघटा पाणी पिणं. नुकत्याच लहान केलेल्या जठराला हे अजिबात झेपत नाही.

नळी घालणं आणि काढणं हे डॉक्टर-नर्सचं काम आहे. तुमच्या हातात दोन गोष्टी असतात: शस्त्रक्रियेआधी दिलेली खरी माहिती, आणि नळी निघाल्यानंतरचे सहा ते आठ तास. बहुतेक गडबडी या दोन ठिकाणी होतात, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे. तुमच्या सर्जनच्या सूचना इथल्यापेक्षा वेगळ्या असतील तर त्यांच्याच पाळा. तुमचं पोट त्यांनी पाहिलेलं असतं.

## टप्पा १: नळी लागणार आहे का, ते आधी विचारा

प्रत्येक शस्त्रक्रियेत नळी घालतातच असं नाही. स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखं अरुंद करतात) साधारण एक ते दोन तासांत होते, गॅस्ट्रिक बायपासला (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडतात) त्याहून जास्त वेळ लागतो. दुर्बिणीतून होणाऱ्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेत बरेच सर्जन आता नळी घालतच नाहीत, किंवा भूल दिल्यावर घालून तुम्ही शुद्धीवर येण्याआधीच काढतात. ठेवलीच, तर बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निघते.

नळी ठेवायची कारणं ठरलेली असतात. शस्त्रक्रिया लांबणार असते, आधीच्या बॅरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या) शस्त्रक्रियेची दुरुस्ती करायची असते, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यामुळे तासातासाला लघवी मोजावी लागते, किंवा वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्याजवळ एपिड्युरल दिलेलं असतं.

‘घातली तर काय बिघडलं, सोयच आहे’ असं वाटत असेल तर एक आकडा लक्षात घ्या. नळी आत असताना रोज सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू शिरकाव करतात. नळी जितके दिवस, तितका धोका वाढत जातो. शिवाय नळी, पिशवी आणि तिचा दोर सांभाळताना माणूस उठायला कंटाळतो, आणि या शस्त्रक्रियेनंतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर उठून चालणं फार गरजेचं असतं.

आधीच्या भेटीत हे चार प्रश्न विचारा, हवं तर कागदावर लिहून न्या:

- मला नळी घालणार आहात का? कोणत्या कारणासाठी?
- घातली तर मी जागा असताना की भूल दिल्यानंतर?
- ती नेमकी कधी काढणार, आणि काढायचं कोण ठरवणार?
- काढल्यानंतर किती तासांत लघवी झाली नाही तर मी सांगायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो.

तपासा: ‘कधी काढणार’ याचं उत्तर ‘बघू’ असं मिळालं, तर वॉर्डमध्ये आल्यावर पहिल्याच राउंडला तोच प्रश्न पुन्हा विचारा. गरज संपलेली नळी केवळ कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून आत राहून जाते. आठवण करून देणं हा तुमचा हक्क आहे.

## टप्पा २: लाज बाजूला ठेवून माहिती द्या

इथे लपवलेली गोष्ट पुढे त्रास देते. पुढीलपैकी काहीही लागू असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्यापर्यंत पोचलं असं धरून चालू नका.

लघवीचा आधीचा त्रास. धार बारीक असणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, रात्री वारंवार उठावं लागणं, पूर्ण झाल्यासारखं न वाटणं. पुरुषांत, विशेषतः पन्नाशीनंतर, याचं कारण वाढलेली प्रोस्टेट असू शकतं, आणि अशांना शस्त्रक्रियेनंतर लघवी तुंबण्याचा धोका जास्त असतो. पूर्वी कधी भूल दिल्यानंतर लघवी तुंबली असेल तर ते आवर्जून सांगा.

खोकताना-शिंकताना लघवी सुटणं. वजन जास्त असलेल्या स्त्रियांमध्ये हे फार आढळतं, तरी बोललं जात नाही. सांगून ठेवलं नाही, तर नळी काढल्यावर थोडी लघवी सुटली की ती नळीमुळेच सुटली असा समज होतो आणि नको ती काळजी लागते.

मूत्रमार्गाचा आधीचा इतिहास. मूत्रमार्ग आकसलेला असणं, त्या भागावर झालेली शस्त्रक्रिया, जन्मतः छिद्र वेगळ्या जागी असणं, पूर्वी नळी घालताना आलेली अडचण. हे आधी कळलं तर योग्य आकाराची नळी आणि गरज पडल्यास युरॉलॉजिस्ट (मूत्ररोगतज्ज्ञ) तयार ठेवता येतो.

ॲलर्जी. रबरी हातमोजे, फुगे यांनी खाज किंवा पुरळ येत असेल तर लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. बऱ्याच नळ्यांत लॅटेक्स असतं. अशा वेळी पूर्ण सिलिकॉनची नळी वापरतात. आयोडीनच्या द्रावणानं किंवा लिग्नोकेनसारख्या बधिर करणाऱ्या औषधानं त्रास झाला असेल तर तेही सांगा.

औषधं. सर्दीची औषधं, झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीनसारखी (नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठीची) औषधं, मूत्राशय शांत करणारी औषधं यांमुळे लघवी अडू शकते. दुकानातून स्वतःहून घेतलेली गोळीही यादीत लिहा. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ती शस्त्रक्रियेच्या आधी किमान ३ दिवस थांबवतात, अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांजवळ बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आणि उपाशी शरीरात रक्त आम्लधर्मी होण्याचा गंभीर धोकाही असतो. बंद करायची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या, मनानं ठरवू नका.

सध्याची लक्षणं. लघवीला जळजळ, वारंवार घाई, ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवसाची वाट न पाहता लगेच कळवा. संसर्ग असेल तर आधी उपचार होतील, कदाचित तारीखही पुढे जाईल.

चुकीची समजूत: ‘लघवीच्या तपासणीत जंतू आले म्हणजे अँटिबायोटिक हवंच.’ काहीही लक्षण नसताना लघवीत जंतू सापडले, तर अशा शस्त्रक्रियेआधी सहसा उपचार करत नाहीत. जुन्या चिठ्ठीवरून स्वतःच गोळ्या सुरू केल्या तर पुढे खरंच गरज पडेल तेव्हा त्याच गोळ्या निरुपयोगी ठरू शकतात.

## टप्पा ३: आदला दिवस आणि ती सकाळ

नळी घालताना जंतू आत जातात ते बहुतांशी आपल्याच त्वचेवरचे. म्हणून स्वच्छता हवी, पण ती बेतानं. आदल्या रात्री आणि सकाळी अंघोळ करा. पोटाखालची घडी, जांघा आणि जननेंद्रियांभोवतीचा भाग हलक्या हातानं धुवा आणि पूर्ण कोरडा करा. घडीत ओल राहिली की त्वचा लाल होते, बुरशी धरते. असा लाल, खाजणारा पट्टा आधीच असेल तर तो काही दिवस आधी दाखवा. रुग्णालयानं जंतुनाशक द्रव दिला असेल तर तो बाहेरच्या त्वचेपुरताच वापरा, योनीच्या किंवा मूत्रमार्गाच्या आत नाही.

केस वस्तऱ्यानं काढू नका. बारीक कापा झाल्या की संसर्गाला वाट मिळते. गरज पडली तर रुग्णालयात क्लिपरनं काढतात. त्या भागात धातूचा दागिना टोचलेला असेल तर घरीच काढून या. पाळी चालू असेल तर नर्सला सांगा. नळी घालायला ती आड येत नाही, पण टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर काढून पॅड लावा.

आणि थिएटरकडे नेण्याच्या अगदी आधी लघवी करा. नळी घालणार नसतील तर ही या टप्प्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. सकाळी घरून निघताना केली होती, यावर भागवू नका. मधल्या दोन-तीन तासांत मूत्राशय पुन्हा भरतं, सलाइन लागलं की आणखी भरतं, आणि फार ताणलेल्या मूत्राशयाला नंतर आकुंचन पावणं जड जातं.

तपासा: थिएटरचा गाऊन घातल्यावर नर्सला वेळ सांगा: ‘माझी शेवटची लघवी इतक्या वाजता झाली.’ ती नोंद पुढे उपयोगी पडते.

## टप्पा ४: थिएटरमध्ये काय होतं

हा भाग तुम्हाला आठवणार नाही. बहुतेक ठिकाणी नळी पूर्ण भूल दिल्यानंतरच घालतात, त्यामुळे घालताना दुखत नाही. त्या भागावर जंतुनाशक लावतात, निर्जंतुक जेली वापरून मऊ नळी मूत्रमार्गातून मूत्राशयात सरकवतात. प्रौढांसाठी सहसा १४ किंवा १६ फ्रेंच आकाराची नळी असते, म्हणजे जाडी सुमारे ५ मिलिमीटर. ती बाहेर येऊ नये म्हणून टोकाजवळचा छोटा फुगा साधारण १० मिलिलीटर निर्जंतुक पाण्यानं भरतात. दुसरं टोक बंद पिशवीला जोडलेलं असतं.

शरीर मोठं असेल तर मांड्या बाजूला धरायला एखादी नर्स जास्त लागते, प्रकाश नीट लावावा लागतो. थिएटरमधल्या लोकांसाठी हे रोजचं काम आहे. त्याबद्दल मनात अपराधीपणा बाळगून ‘मला नळी नकोच’ असं म्हणू नका. स्त्री कर्मचारीच असावी किंवा पुरुष कर्मचारीच असावा अशी इच्छा असेल तर ती आधी सांगा, शक्य तितकी पाळली जाते.

शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवतात. त्या दाबानं लघवी तात्पुरती कमी बनते. म्हणून नंतर कुणी ‘ऑपरेशनमध्ये लघवी कमी झाली’ असं म्हटलं, तर तेवढ्यावरून मूत्रपिंड बिघडलं असा अर्थ काढू नका.

## टप्पा ५: शुद्धीवर आल्यावर नळी असेल तर

पहिली भावना जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते: जोराची लघवी लागली आहे. मूत्राशय रिकामं असतं, पिशवीत लघवी उतरत असते, तरीही तसं वाटतं, कारण फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकलेला असतो. पुरुषांना शिश्नाच्या टोकाशी चुरचुरतं. जोर करू नका. कुंथल्यानं नळीभोवती लघवी झिरपते आणि टाक्यांवर ताण येतो. श्वास सोडत पोट सैल सोडा आणि नर्सला सांगा. फार अस्वस्थ वाटत असेल तर त्यावर औषध असतं.

मग नळीचा मार्ग तपासा, किंवा सोबतच्या माणसाला तपासायला सांगा:

- नळी मांडीच्या वरून गेलेली असावी. जड मांडीखाली ती दबते आणि लघवी अडते. या रुग्णांत हे वारंवार घडतं.
- ती मांडीला पट्टीनं चिकटवलेली असावी, थोडी ढील ठेवून. कूस बदलताना ओढ बसायला नको.
- पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकलेली नसावी.
- नळीला कुठे पीळ किंवा मुरड नसावी.

पुरुषांची सुंता झालेली नसेल तर आणखी एक गोष्ट पाहा: नळी घालताना मागे सारलेली कातडी पुन्हा पुढे आणलेली असली पाहिजे. ती मागेच राहिली तर टोक सुजतं आणि तातडीची वेळ येते. सूज किंवा घट्टपणा वाटला तर संकोच न करता सांगा.

लघवीचा रंगही पाहून ठेवा. किंचित गुलाबी छटा नळीच्या घासण्यानं येऊ शकते. जठराची शिवण गळत नाही ना हे तपासायला काही सर्जन निळं औषध वापरतात. ते वापरलं असेल तर लघवी हिरवट-निळी दिसू शकते आणि आपोआप पूर्ववत होते. गडद पिवळी लघवी म्हणजे पाणी कमी पडतंय.

सावधान: लघवी गडद तपकिरी झाली आणि त्याबरोबर नितंब, पाठ किंवा खांदे खूप दुखत असतील, तर लगेच सांगा. वजनदार शरीर टेबलावर बराच वेळ एकाच स्थितीत राहिलं तर दाबाखालचे स्नायू इजा पावतात आणि त्यातले घटक मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. ‘झोपून झोपून अंग दुखतंय’ म्हणून हे सोडून देऊ नका.

## टप्पा ६: नळीसकट चालणं

नळी आहे म्हणून पडून राहायचं नाही. उठण्याआधी पिशवी पलंगावरून सोडवून घ्या, ती गुडघ्याच्या पातळीजवळ हातात धरा किंवा सलाइनच्या स्टँडला खालच्या बाजूला अडकवा, मगच पाय खाली सोडा. पिशवी पलंगाला अडकलेली असताना उठलं तर फुगलेल्या फुग्यासकट नळी ओढली जाते. ते दुखतं आणि रक्त येतं.

पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करून घ्या. खालच्या तोटीतून रिकामी करतात. नळी आणि पिशवीचा जोड कुणीही उघडायचा नाही, नातेवाइकांनी तर नाहीच. पिशवीतली लघवी मोजल्याशिवाय टाकू नये, कारण तो आकडा डॉक्टर पाहणार असतात.

सावधान: पिशवीत तासभर काहीच उतरलं नाही, ओटीपोट ताठ होऊन दुखतंय, किंवा नळीच्या बाजूनं लघवी गळतेय: आधी नळी दबली आहे का पाहा, आणि लगेच नर्सला बोलवा.

## टप्पा ७: नळी काढताना

एका मिनिटाचं काम. नर्स सिरिंजनं फुग्यातलं पाणी काढते, तुम्हाला खोल श्वास घेऊन सावकाश सोडायला सांगते आणि नळी हळूच बाहेर घेते. काही क्षण विचित्र वाटतं, जळजळतं. अडलं तर ओढाताण करत नाहीत, थांबून पुन्हा फुगा तपासतात.

स्वतः नळी ओढू नका, कापू नका. भुलीच्या गुंगीत काही रुग्ण तसा प्रयत्न करतात, म्हणून सोबतच्या माणसानं पहिल्या रात्री हातांकडे लक्ष ठेवावं.

तपासा: काढल्याची वेळ लिहून ठेवा. पुढचं सगळं याच वेळेवरून मोजायचं आहे. नळी घातलीच नव्हती, तर थिएटरमध्ये जाण्याआधीची शेवटची लघवी आणि शस्त्रक्रिया संपल्याची वेळ, दोन्ही लिहा.

## टप्पा ८: पहिली लघवी

साधारण सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. पहिल्या एक-दोन वेळा जळजळ होते, धार तुटक येते, थोडी गुलाबी असू शकते. इथपर्यंत ठीक.

अवघड भाग असा की या शस्त्रक्रियेनंतर लघवी मुळातच कमी बनते. तुम्ही उपाशी असता, आणि पिणंही घोटाघोटानं चालू असतं. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी दर १५ मिनिटांनी सुमारे ३० मिलिलीटर एवढंच देतात. त्यामुळे लघवी न होण्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात, आणि त्यांचे उपायही उलट आहेत.

पहिला: लघवी बनतेय, पण तुंबली आहे. ओटीपोटात, बेंबीच्या खाली दडपण वाटतं, घाई होते पण येत नाही, किंवा थेंब-थेंब येते आणि समाधान होत नाही. काहींना मात्र वेदनाशामकांच्या अमलामुळे काहीच जाणवत नाही. मोठ्या पोटामुळे बाहेरून हात लावून फुगलेलं मूत्राशय कळणंही कठीण जातं.

दुसरा: शरीरात पाणी कमी आहे, लघवी बनतच नाहीये. तोंड कोरडं पडतं, उभं राहिलं की गरगरतं, झालेली लघवी थोडी आणि गडद असते, ओटीपोटात दडपण नसतं.

दोन्हींत अंदाजानं ठरवू नका. मूत्राशयाचं स्कॅन, म्हणजे ओटीपोटावर टेकवायचं छोटं सोनोग्राफी यंत्र, काही मिनिटांत आत किती लघवी आहे ते दाखवतं. तुम्ही फक्त एवढं म्हणा: ‘मला सहा तास लघवी झालेली नाही, स्कॅन करून बघता का?’ तुंबली असेल तर मूत्राशय रिकामं करतात, पाणी कमी असेल तर सलाइन वाढवतात.

तोवर हे क्रमानं करा:

1. उठून थोडं चाला.
2. शौचालयात जा. पलंगावरच्या भांड्यात अनेकांना होतच नाही. पुरुषांनीही बसून करावी, गुंगीत उभं राहण्यापेक्षा ते सुरक्षित आणि सैल राहायला सोपं.
3. पाय जमिनीवर टेकवा, किंचित पुढे झुका, श्वास सोडा. नळ सोडून पाण्याचा आवाज ऐका किंवा कोमट पाण्यात हात धरा.
4. झाल्यासारखी वाटली की उठू नका. दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करा. राहिलेली लघवी बऱ्याचदा तेव्हा येते.
5. मोजायच्या भांड्यातच करा आणि वेळ व आकडा नर्सला द्या.

दर अर्ध्या तासाला ५०-५० मिलिलीटर होत असेल तर ‘होतेय की’ म्हणून निश्चिंत होऊ नका. भरलेल्या मूत्राशयातून वर-वरची लघवी सांडत असण्याची ही खूण असू शकते. म्हणूनच मोजायचं.

सावधान: लघवी व्हावी म्हणून ठरवून दिलेल्या घोटांपेक्षा जास्त पिऊ नका. नातेवाईक प्रेमानं ग्लास पुढे करतील, तरीही नाही. जठराची क्षमता आता फार थोडी आहे, वर सूज आहे. घाईनं प्यायलेलं पाणी छातीत दुखवतं, उलटी आणतं आणि ताज्या शिवणीवर ताण पडतो. लघवी तुंबलेली असेल तर जास्त पाण्यानं मूत्राशय आणखी ताणलं जाईल. पाणी खरंच कमी पडलं असेल तर ते शिरेतून देता येतं, त्यासाठी जठराला वेठीस धरायची गरज नाही.

मळमळीसाठी कानामागे औषधाची पट्टी लावलेली असेल तर तीही लघवी अडवू शकते. मॉर्फीनच्या जातीची वेदनाशामकं तर बऱ्याचदा कारणीभूत असतात. म्हणून दुखणं सोसत बसा असं नाही. डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या प्रकारची औषधं जोडून त्यांची मात्रा कमी करता येते.

## टप्पा ९: तुंबलीच तर

स्कॅनमध्ये साधारण ४०० ते ६०० मिलिलीटर किंवा जास्त लघवी दिसली आणि तुम्हाला करता येत नसेल, तर बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करून ती लगेच काढतात. यावेळी तुम्ही जागे असता, म्हणून मूत्रमार्ग बधिर करणारी जेली मागून घ्या आणि ती लावल्यावर काही मिनिटं थांबायला सांगा. बहुतेकांचं त्यानंतर सुरळीत होतं.

पुन्हा तुंबली तर नळी काही दिवस ठेवतात, क्वचित नळीसकट घरी सोडतात. पुरुषांना टॅमसुलोसिनसारखं, लघवीचा मार्ग सैल करणारं औषध सुरू होऊ शकतं. इथे या रुग्णांची एक खास चूक होते. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर ‘गोळ्या चुरून घ्या, कॅप्सूल उघडून घ्या’ असं सांगितलेलं असतं, म्हणून टॅमसुलोसिनही चुरलं जातं. ते सावकाश सुटणारं औषध आहे. चुरलं तर एकदम अंगात जाऊन रक्तदाब पडू शकतो. कसं घ्यायचं ते विचारूनच घ्या.

नळीसकट घरी जाणार असाल तर निघण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या हातानं करून दाखवा: पायाची पिशवी रिकामी करणं, रात्रीची मोठी पिशवी जोडणं, आणि साबण-पाण्यानं नळीभोवती धुणं. नळी काढायची तारीखही डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेली तारीख घरच्या धांदलीत हुकते.

## टप्पा १०: घरी गेल्यावर

पहिले काही दिवस लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा. फिकट पिवळी असेल तर घोट पुरे पडताहेत. हळूहळू दिवसाला दीड लीटरच्या आसपास पोचायचं असतं, पण ते दिवसभर घोटाघोटानं. बद्धकोष्ठता झाली तर तीही लघवी अडवते. तिचा उपाय डॉक्टरांना वेळेवर विचारा.

जळजळ दोन दिवसांत कमी व्हायला हवी. वाढत गेली, लघवी गढूळ झाली, सारखी घाई लागली, ओटीपोटात दुखलं, तर संसर्गासाठी लघवी तपासून घ्या. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा, नंतर दिला तर जंतू सापडतीलच असं नाही.

जळजळीवर घरातली फसफसणारी पूड किंवा सोडा पिऊ नका. वायूनं जठर फुगतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही स्वतःहून घेऊ नका. विशेषतः बायपासनंतर त्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: ताप, थंडी, आराम करतानाही मिनिटाला १२० च्या वर जाणारे ठोके, वाढती पोटदुखी, खांद्यात दुखणं, धाप लागणं, लघवी एकदम कमी होणं. ‘नळी घातली होती ना, लघवीचा संसर्ग असेल’ असं म्हणून हे घरी निभावायचं नाही. जठराची किंवा आतड्याची शिवण गळत असेल तरी अशीच सुरुवात होते, आणि तिथे तास मोलाचे असतात. थेट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात फोन करा, फोन लागला नाही तर तातडीच्या विभागात जा.

लघवीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तर डिस्चार्जचा कागद सोबत न्या आणि बसल्या बसल्या पहिल्याच वाक्यात सांगा: कोणती शस्त्रक्रिया झाली, किती तारखेला, नळी किती वेळ होती. हे माहीत नसलेला डॉक्टर अगदी चांगल्या हेतूनं ‘भरपूर पाणी प्या आणि ही दुखण्याची गोळी घ्या’ असं सांगू शकतो, आणि त्यातल्या दोन्ही गोष्टी तुम्हाला सध्या चालणार नसतात.